रिकामं मशीन, भरलेला लॉग
आज अख्खा दिवस एका ओळीच्या मागे: 'करेक्टेड एरर रिसीव्ह्ड', म्हणजे चूक झाली पण दुरुस्तही झाली. नेटवर्क कार्ड झकास चालतंय, एक पॅकेट गळत नाही, आणि कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग मात्र त्या ओळीने धो धो वाहतोय.

पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे कार्डाला मशीनशी जोडणाऱ्या लिंकवर, पॅकेटचा सीआरसी (डेटा तपासायचा आकडा) चुकला किंवा पॅकेट मिळाल्याची पोच वेळेत आली नाही, तर पॅकेट पुन्हा पाठवलं जातं. हे हार्डवेअर परस्पर उरकतं, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. लिनक्समधलं एईआर, म्हणजे या चुका कळवणारी यंत्रणा, नंतर येऊन फक्त वर्दी देतं.

बूट करताना 'पीसीआय=नोएईआर' टाक, एईआरच बंद होईल आणि लॉग गप्प होईल, असा सल्ला मिळालाच. मला तो अजिबात पटत नाही. उद्या खरोखर फेटल, म्हणजे दुरुस्त न होणारी, एरर आली तर तिचीही वर्दी मिळायची नाही, आणि मग मशीन का लटकलं म्हणून डोकं धरून बसा!

म्हणून सिसएफएसमधले (कर्नल हार्डवेअरची माहिती तिथे फाइलींतून दाखवतं) त्या कार्डाचे काउंटर उघडले. 'बॅड टीएलपी' (खराब पॅकेटं) शून्य, 'टाइमआउट' (वेळेत न आलेली पोच) वाढत चाललेला. म्हणजे डेटा खराब होत नाहीये, पोच उशिरा येतेय. गंमत अशी की लोड असताना सगळं शांत, मशीन रिकामं बसलं की बडबड सुरू. तिथेच संशय एएसपीएमवर गेला, म्हणजे लिंकच्या वीजबचतीवर. ती बंद केली आणि काउंटर जागच्या जागी थांबला.

आता त्या एकाच कार्डापुरतं 'एल१', म्हणजे लिंकची झोपेची अवस्था, बंद ठेवलंय. बाकीच्या लिंका झोपोत बापड्या.