तीन घुबडं आणि एक काटा: नाणेपारखीची पाचवी नोंद

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त अथेन्सची घुबडं घेऊन बसलो. घुबडं म्हणजे चांदीचे टेट्राड्रॅक्म, प्राचीन अथेन्सची चार ड्रॅक्मांची नाणी. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, मागच्या बाजूला आपल्याकडे रोखून बघणारं घुबड, त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि बारीकशी चंद्रकोर. समोर तीन नाणी आहेत, यातलं अस्सल कोणतं ते ठरवायचंय. त्यांना अ, ब, क म्हणतो. दिसायला तिन्ही सारखीच जुनाट.

आधी वजन. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या घुबडाचं वजन साधारण १७.२ ग्रॅम असतं. झिजेमुळे थोडं कमी चालतं. अ भरलं १७.०२, ब १५.२५ आणि क १५.९०. इथेच ब आणि क बाद करायचा मोह झाला होता, पण आधी घनता काढली.

पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. बारीक दोऱ्याला नाणं बांधून पाण्यात असं सोडायचं की ते तळाला किंवा काचेला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. पहिल्या दिवशी माझे आकडे सारखे बदलत होते. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, घुबडाच्या पंखाखाली हवेचे बुडबुडे चिकटले होते. ओल्या मऊ कुंचल्याने ते काढले आणि आकडा स्थिरावला.

अ: १७.०२ भागिले १.६३, म्हणजे १०.४४. शुद्ध चांदी १०.४९ असते, म्हणजे अगदी जवळ. ब: १५.२५ भागिले २.०२, म्हणजे ७.५५. तांबंसुद्धा ८.९६ असतं. इतका हलका धातू म्हणजे कथिलाच्या आसपासचं काहीतरी, चांदी नव्हेच. क: १५.९० भागिले १.७०, म्हणजे ९.३५. ना चांदी, ना तांबं. क कडे नंतर येतो.

एक गोष्ट नवीन मंडळींसाठी मुद्दाम लिहितो. घनता नाण्याला नापास करू शकते, पास करू शकत नाही. आजचा नकल करणाराही चांगली चांदी वापरू शकतो. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन माणूस स्वतः ठसे कोरायचा आणि खऱ्या धातूवर ठोकून नाणी पाडायचा. ताजेपणा जावा म्हणून तो ती लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या डब्यात घालून डबा घोडागाडीला बांधायचा, असं सांगतात. अशा नाण्यापुढे काटा गप्प बसतो. म्हणून धातूनंतर बघायचं ते नाणं घडलं कसं: अस्सल घुबडांसारखं ठोकून की साच्यात ओतून.

आणि इथे मला ब ने सगळ्यात जास्त शिकवलं, कारण तिघांत माझा जीव त्याच्यावरच होता. अक्षरांच्या खाचांत सुंदर तपकिरी पुट होतं. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला, तर ते पुट कापसावर आलं. मनाला लागलं. जमिनीत तयार झालेला थर धातूतूनच वाढलेला असतो, तो अ‍ॅसिटोनने निघत नाही. हा तर रंग होता. खालचा तळ मऊ, साबणाच्या वडीसारखा, आणि त्यावर बारीक गोल खड्डे: ओतताना अडकलेल्या हवेच्या खुणा. कडेवर कानशीचे समांतर ओरखडे, म्हणजे साच्याचा सांधा घासून टाकलेला.

पण खरी गोष्ट कडेच्या चिरेत होती. अ ला आणि ब ला, दोघांनाही कडेला चीर आहे. हातोड्याखाली धातू पसरतो आणि कडेला फाटतो. अ ची चीर तशीच आहे: कडेपासून आत शिरलेली, दातेरी, तळाशी काळी. ब ची चीर म्हणजे नुसती उथळ, गुळगुळीत काठांची खोबण. साचा ज्या नाण्यावरून घेतला त्याची चीर, तेवढीच उमटलेली. आता कुठलंही नाणं हातात आलं की मी आधी कड फिरवून बघतो, चेहरा नंतर.

अ च्या घुबडावर एक खोल घाव आहे. ही तोडफोड समजून मी त्याची किंमत मनातल्या मनात कमी केली होती. पण असे घाव आतली चांदी तपासायला त्या काळातच घालत. इ.स.पू. ३७५-३७४ चा अथेन्सचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यानुसार बाजारात पारखी बसायचा आणि आत तांबं किंवा शिसं निघालं तर ते नाणं तिथल्या तिथे छेदायचा. अ चा घाव भिंगाखाली धरला: आतून बाहेरून एकच करडा रंग, तळाशी चिवट साका. ताजा घाव चकाकला असता. अ ला मी अस्सल मानतोय. हा घावच त्याच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलतो.

राहिला क. त्याच्या मानेजवळ चांदी उडाली आहे आणि खालून हिरवा कळंक डोकावतो. म्हणजे तांब्याचा गाभा आणि वर चांदीचा मुलामा, म्हणूनच ९.३५. पण मुलामा कधीचा? प्राचीन काळी खोटी नाणी पाडणारे तांब्याच्या चकतीला चांदीचा पत्रा गुंडाळून तापवत. दोन्ही धातू जिथे भिडतात तिथे ७७९ अंश सेल्सियसलाच वितळून सांधतात. मग त्यावर ठसा ठोकत. असं असेल तर क खोटं आहे आणि तरीही प्राचीन आहे, आणि मला ते अ इतकंच हवंय. विजेने चढवलेला मुलामा मात्र पातळ आणि सगळीकडे सारखा बसतो, त्याला पत्र्याची घडी नसते.

उडालेल्या जागेचा काठ दहापट भिंगातून पाहिला. चांदी जाड वाटते, एका ठिकाणी पत्र्यावर पत्रा चढल्यासारखी रेघही दिसते. पण ती रेघ ओरखडाही असू शकते. पुढच्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली कडेची पूर्ण फेरी करून फोटो काढणार. तोवर क च्या पाकिटावर पेन्सिलीनेच लिहिलंय: मुलामा, काळ बाकी.