बाहेर ४३, आत किती?

परभणीत मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेला की आमच्या घरी रिमोट ज्याच्या हाती लागेल तो एसीचा आकडा थेट १८ वर नेऊन ठेवत असे. खोली लवकर गार व्हावी हा त्यामागचा हेतू. परंतु आमच्याकडच्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वर असो वा २६ वर, चालतो त्याच जोराने, फक्त १८ वर तो थांबायचे नाव घेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा शेतातून घामाने भिजलेल्या सदऱ्यानिशी त्या खोलीत आले आणि पाचच मिनिटांत उपरणे अंगाभोवती लपेटून ओसरीवर जाऊन बसले. "हिव वाजायलंय मला," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून मी या आकड्याचा गांभीर्याने विचार करू लागलो.

शरीर ऋतूला सरावते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय कार्यालयांच्या पाहणीतून मांडलेल्या सूत्रानुसार, एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींत बाहेरची सरासरी एक अंशाने वाढली की माणसाला सुखाचे वाटणारे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वर सरकते. मग जानेवारीत आणि मे महिन्यात एकच आकडा कसा चालेल? शिवाय भिंतींतून आत येणारी उष्णता आत-बाहेरच्या फरकावर अवलंबून असते. ४३ आणि १८ यांत २५ अंशांचे अंतर आहे, ४३ आणि २६ यांत १७ अंशांचे. म्हणजे तो भार जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचा आकडा मुळात २४ वर ठेवण्याचा नियम झाला आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

मात्र एसी दाखवतो ते हवेचे तापमान, आणि आपल्याला भिंतींची धगही जाणवते. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन अडवून धरी. आताचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरालाही उशाकडच्या भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. म्हणून आम्ही आधी गच्चीला चुना दिला, आणि आता २७ वर एसी ठेवून पंखा मध्यम वेगाने फिरवतो. आषाढातल्या दमट दिवसांत घाम वाळत नाही, तेव्हा २५ वर यावे लागते. उन्हाळ्यात मात्र पहाटे बाहेरची हवा निवली की अण्णा स्वतः उठून एसी बंद करतात आणि खिडक्या उघडतात.