उझेसमधली जुनी घरं: आमची वाटचाल

दक्षिण फ्रान्समधल्या उझेस गावात आमची छोटी फर्म जुनी घरं घेते, दुरुस्त करते आणि विकते. सुरुवात चुन्याच्या गिलाव्याच्या कामांपासून झाली, पुढे छपरं आली, मग लाकूडकाम. लोकांच्या घरात काम करताना अडचण एकच असायची: मालकाला स्वयंपाकघर यंदा हवं असायचं आणि छप्पर पुढच्या वर्षी. जुन्या घराला हा क्रम मानवत नाही. आधी पाणी, मग भिंत, मग लाकूड, आणि दिसणारं सगळं शेवटी. क्रम आपल्या हातात राहावा म्हणून आम्ही अख्खं घरच घ्यायला लागलो.

सध्या विक्रीला असलेलं तीन मजली घर रस्त्यावरून काही खास दिसत नाही. पुण्याच्या वाड्यासारखंच, बाहेर कोरी भिंत नि जड दरवाजा, आत फरसबंद चौक आणि वर जाणारा गोल दगडी जिना. भिंती ५० ते ६० सेंटीमीटर जाडीच्या, मऊ चुनखडीच्या दगडाच्या. जवळचा रोमन काळातला पाँ दु गार हा पूल अशाच दगडाचा, आणि त्यावरून नीम शहराला जाणारं पाणी उझेसच्याच झऱ्यांचं होतं.

या दगडाचा वैरी म्हणजे सिमेंट. गेल्या शतकात इथल्या बहुतेक घरांच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या गेल्या, वर सिमेंटचाच गिलावा. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. पूर्वी ती चुन्याच्या दरजांमधून उडून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी दगडातून बाहेर पडतं, बरोबरचे क्षार पृष्ठभागामागे साचतात, लोणा लागतो आणि दगडाची भुकटी होते. दरजा मात्र शाबूत आणि मधला दगड बोटभर खोल गेलेला, अशी भिंत दिसली की आतलं दुखणं ओळखावं.

उपाय कंटाळवाणा आहे. सिमेंट छिन्नीने काढायचं (हातोड्याचं मशीन लावलं तर दगडाच्या कडा जातात), आणि भिंत मोकळी ठेवून सुकू द्यायची. सहा महिने लागतात, कधी वर्ष. मग चुन्याच्या गिलाव्याचे तीन थर. पहिला पातळ, ५ मिलिमीटरचा, चुना जास्त असलेला, नुसता फेकून मारायचा आणि खरबरीतच ठेवायचा. दुसरा १५ ते २० मिलिमीटरचा, एक भाग चुन्याला अडीच भाग वाळू. शेवटचा पातळ, चुना सगळ्यात कमी. बाहेरचा थर आतल्यापेक्षा कडक झाला की तो पोपडा होऊन सुटणार, हे ठरलेलं. भिंत आदल्या दिवशी भिजवायची. ५ अंशांखाली किंवा ३० अंशांवर काम बंद, आणि मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोराचा कोरडा वारा सुटला तर ओलं कापड बांधूनच.

बँकेचं व्याज मात्र भिंत सुकायची वाट पाहत नाही. शिवाय आमच्यासारख्या व्यावसायिकाने ५ वर्षांत पुन्हा विकायचं लेखी दिलं तर खरेदीवरचा कर ०.७१५ टक्के लागतो, मुदत चुकली तर पूर्ण कर भरावा लागतो. म्हणून ताब्यात आल्या आल्या आधी सिमेंट काढायला घेतो, परवानग्यांचे कागद त्याच वेळात फिरतात. जुनं गाव संरक्षित क्षेत्रात येतं. खिडक्या, कौलं, भिंतीचा रंग यांवर सरकारी वास्तुतज्ज्ञाचा शेरा लागतो आणि साध्या कामाच्या अर्जालाही दोन महिने जातात. दर्शनी भागाला प्लॅस्टिकच्या खिडक्या मागायच्याच नाहीत, नकारच येतो.

छपराबद्दल थोडक्यात. उतार कमी, अर्धगोल कौलं, आणि शरद ऋतूत सेवेन डोंगरांकडून येणारा पाऊस. सप्टेंबर २००२ मध्ये या जिल्ह्यात काही ठिकाणी एका दिवसात ६०० मिलिमीटरहून जास्त पडला होता. त्यामुळे पन्हाळी जस्ताच्या आणि मोठ्या घेतो, चौकाच्या मोरीला दुसरी वाटही ठेवतो.

तुळयांची टोकं भिंतीत असतात आणि कुजतात तिथेच. वरून ठणठणीत दिसणारी तुळई टोकाशी सुरीने टोचून पाहावी. आम्ही कुजलेला भाग कापून पोलादी पट्ट्यांनी नवं टोक जोडतो आणि भोवती दोनेक सेंटीमीटर हवा ठेवतो. आतून थर्मोकोल आणि जिप्समचे पत्रे ठोकणाऱ्यांची ही टोकं हमखास जातात, कारण खोलीतली वाफ थंड भिंतीवर जाऊन पाणी होते. त्याऐवजी चुना आणि भांगेच्या काड्यांचा ५ ते ८ सेंटीमीटरचा थर देतो. उष्णतेचा मुख्य बंदोबस्त छपरात, लाकडाच्या तंतूंच्या जाड पाट्यांनी होतो.

घेणाऱ्यासाठी: घर किती ऊर्जा खातं याचा शेरा ए (सगळ्यात चांगला) ते जी (सगळ्यात वाईट) असतो. जी असलेलं घर १ जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाही, एफ २०२८ पासून बाद. १९४९ पूर्वीच्या घराला शिशाची तपासणी, वाळवीचा म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यात वाळवीचीही, आणि तिचा दाखला फक्त ६ महिने चालतो. साठेखत झाल्यावर खासगी खरेदीदाराला १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते. जुन्या घरावर नोतेरमार्फत (खरेदीखत करणारा सरकारमान्य अधिकारी) जाणारा कर आणि शुल्क साधारण ७ ते ८ टक्के. एवढी मोठी दुरुस्ती करून विकणारा कायद्याने बांधणाराच धरला जातो, म्हणून मूळ बांधकामाची १० वर्षांची जबाबदारी आमच्यावर आणि विम्याचे कागद फाइलमध्ये.

भारतातून विचारणा करणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगतो. भारतात राहणाऱ्याला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि इथे घर घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही. राहत्या घरावरचा निवास कर २०२३ पासून गेला, सुट्टीच्या घरावरचा कायम आहे. घर पाहायला नोव्हेंबरात या, पाऊस होऊन गेल्यावर, आणि आधी तळघरात उतरा. तिथले झरोके उघडे असतात, ते बुजवायचे नाहीत.