टँकरचं बिल कुणी किती भरायचं?

एप्रिलमध्ये आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीत दहा हजार लिटरचे २६ टँकर आले. टँकरला ११०० रुपये. मी खजिनदार, २८,६०० ला २४ ने भागलं आणि प्रत्येकाच्या बिलात ११९२ रुपये लावले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. बिल बघून म्हणाल्या, "अरे, मला दिवसाला चार बादल्या पुरतात. वरच्या घरात सात माणसं. दोघांना सारखंच कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

नियमाला धरूनच होतं सगळं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार बघून वाटतात, आणि आमच्याकडे सगळे टू-बीएचके, नळ सारखेच. पण नळ मोजून पाणी मोजलं जात नाही. लिफ्टचं वेगळं. तिचा खर्च तळमजल्यानेही समान द्यायचा, हे मला पटतं.

मीटर लावा, असं सगळेच म्हणतात. आमच्या जुन्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास यांच्या वेगवेगळ्या लाइनी खाली येतात. म्हणजे फ्लॅटमागे तीन मीटर, एकूण ७२. त्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर, पाण्याला दाब आधीच कमी. साध्या मीटरने तो आणखी घटतो. आणि ७२ मीटरांची बेरीज टाकीत पडलेल्या पाण्याएवढी कधीच येणार नाही. बागेचा नळ, जिने धुणं, गळती. ही तूट सगळ्यांनी समान उचलावी.

एक फ्लॅट वर्षभर बंद आहे. पाण्याचा एकही पैसा देणार नाही, असं मालकांनी कळवलंय. हे मला मान्य नाही. टाक्यांची सफाई, पंपाची दुरुस्ती, फुटलेला पाइप हे खर्च कुलूप लावल्याने थांबत नाहीत, आणि ते परततील त्या दिवशी त्यांच्या नळाला पाणी हवंच असणार. तेवढा वाटा त्यांनी द्यावा. टँकरचा नको.

सात माणसांच्या घरालाही शिक्षा व्हायला नको. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषात माणशी रोज १३५ लिटर धरतात. मीटर लागले की तेवढ्यापर्यंत एक दर, त्यापुढे दुप्पट.

मीटरचे पैसे जमेपर्यंत टँकर माणशी वाटावा, असं रविवारच्या सभेत मांडणार आहे. सध्या आम्ही ८६ जण राहतो. एप्रिलमध्ये तसं केलं असतं, तर आजींना ३३३ रुपये आले असते आणि वरच्या घराला २३२८.