बंदीच्या दिवसांतले मासे

दुपारपासून वीज नाही. हवेचा पंप बंद, म्हणून मधूनमधून तांब्याने टाकीतलं पाणी उचलायचं आणि हातभर वरून परत टाकीतच सोडायचं, हे माझं आजचं काम. पाण्यात हवा मिसळली पाहिजे. मासे मोजके आहेत म्हणून एवढ्यावर निभतंय. दुकानदाराचं ऐकून टाकी खच्चून भरली असती तर आज झोप विसरायची होती.

जुलै अर्धा सरला. मासेमारी बंदी ३१ तारखेपर्यंत. ताटात सुकट नाहीतर बोंबील, आणि जिवंत मासे काय ते पडवीतल्या टाकीत. अण्णा रोज एकदा टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात. आज म्हणाले, "काय गो, ह्यांचं कालवण किती माणसांना पुरेल?" सासरे असले तरी त्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे. "तुमच्या एका घासाला," म्हटलं.

हट्ट मुलाचा. रत्नागिरीत झाडगावचं मत्स्यालय बघून आला आणि समुद्राचे मासे घरी पाहिजेत म्हणून बसला. समुद्र दारात असला म्हणून ते स्वस्तात होत नाही. खारेपणा नेमका सांभाळावा लागतो, वाफ होऊन पाणी उडालं की मीठ मागे राहतं, यंत्रं महाग. मग गोड्या पाण्याचे पाळायचे ठरलं. दुकानात काचेच्या वाडग्यात गोल्डफिश फिरत होता, स्वस्तही होता. पण तो वीतभर वाढणारा मासा, आणि घाणही भरपूर करणारा. वाडग्यात तो जगत नाही, मरायला वेळ लावतो इतकंच. 'पूर्ण सेट'चा भाव ऐकून आम्ही तसेच घरी आलो.

टाकी मिळाली शेजारून. त्यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं तेव्हा ती माडाखाली पडली होती. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. अंगणात भरून रात्रभर ठेवली, खाली वर्तमानपत्र. सकाळी एका कोपऱ्याखाली कागद ओला. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून नवीन भरलं, कारण जुन्यावर नवीन नीट धरत नाही. बुरशीनाशक घातलेलं घ्यायचं नाही, एवढं दुकानात विचारून घेतलं. स्टँडचा खर्च चिऱ्यांनी वाचवला. घर बांधताना उरलेले जांभ्याचे चिरे परसात होतेच. काठोकाठ भरली तर ५५ लिटर, म्हणजे पाण्याचंच वजन ५५ किलो. काच आणि खडी धरून सत्तरच्या आसपास जातं. चिऱ्यांवर जाड फळी, फळीवर थर्माकोल. थर्माकोल नसला तर फळीच्या उंचसखलपणाने तळाची काच तडकू शकते.

पैसे घातले ते पंप आणि स्पंज फिल्टरवर. पंप ५ वॅटचा, अखंड चालला तरी महिन्याला चारेक युनिट.

पाणी विहिरीचं. पावसाळ्यात सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पूड, टाकतात, ती माशांना विषच. आमची विहीर घरची, तरी बादल्या दिवसभर उघड्या ठेवूनच ओतते. आपलं जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, किंचित आम्ल. आम्ही पुढे आणले ते गप्पी मासे, त्यांना थोडं जड, म्हणजे क्षारांचं पाणी मानवतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून मूठभर तळाशी टाकल्या. त्यातला चुना हळूहळू उतरत राहतो.

नंतरचा भाग फुकटचा, आणि तोच घरात कुणाला सोसेना. टाकी भरली, पंप बुडबुडे काढतोय, आणि आत मासा नाही. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं. कुजण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक, तिसरं त्यामानाने निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्तीला यायला महिना-दीड महिना घेतात. मुलगा शाळेतून आला की दप्तरासकट टाकीपाशी: "आज?" नाही रे बाबा. येणाराजाणारा विचारी, मासे मेले वाटतं? दुकानं ह्याच उतावळेपणावर चालतात असं माझं मत झालंय. मासे आज घ्या, मेले की परवा पुन्हा घ्या.

मासे शेवटी आरोग्य केंद्रातून आणले, एक पैसा न देता. तिथल्या हौदात गप्पी वाढवतात, डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरी-डबक्यांत सोडायला. 'गप्पी मासे पाळा' हे भिंतीवर लहानपणापासून वाचत आले, पण पाळायचे म्हणजे आपल्या घरातही, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माद्या राखाडी, नरांच्या अंगावर एखादाच रंगाचा ठिपका. मुलाचं तोंड जरा उतरलं. पण काटक आहेत. बाहेरच्या करवंटीत साचलेल्या पाण्यातल्या अळ्या टाकल्या तर डोळ्याचं पातं लवायच्या आत फडशा. (त्या करवंट्या आता पालथ्या घातल्यात. आरोग्य सेविका घरोघर पाणी तपासत फिरताहेत, आणि मासे पाळणाऱ्यांच्याच दारात अळ्या सापडायच्या.)

मादी साधारण महिन्याने पिल्लंच घालते, अंडी नाही, आणि समोर दिसली तर खातेसुद्धा. हायड्रिला या पाणवनस्पतीचा गुंता आहे, त्यात काही वाचली. आता ती वाढली की प्रश्न. मुलगा म्हणतो पऱ्यात, म्हणजे ओढ्यात सोडू. मुळीच नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या पऱ्यातल्या बारक्या माशांच्या पोटावर पाय नको. जास्तीचे आरोग्य केंद्राच्या हौदात परत जातील.

संध्याकाळी बाजूच्या वैनी आल्या होत्या. त्यांना चार पिल्लं हवीत, हातात लोणच्याची रिकामी बरणी. म्हटलं, देते की, पण आधी टाकी बघा, भरा, आणि मग गणपतीनंतर या. बरणी घेऊन गेल्या. रागावल्या असाव्यात.