फिल्टरच्या पलीकडची धूळ

थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, लागून असलेला होज काढला, आत बोट फिरवलं आणि बोटाला धूळ लागली. एअर फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला धूळ असते, ती असायलाच पाहिजे, त्यासाठीच तो बसवलेला असतो. ही आतल्या अंगाला होती. राखाडी, पिठासारखी बारीक. दोन बोटांत चोळली तर करकरली. हा होज, हा फिल्टर, त्याच्याभोवतीचा अॅल्युमिनियमचा डबा, सगळं सहा महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हातानं बसवलेलं होतं. म्हणून हे लिहून काढतोय, कारण पंधरा दिवस झाले तरी ती करकर डोक्यातून जात नाही.

गाडी 2016 ची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, स्वतःच्या छातीनं जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर पळणारं. मालक जालन्याचा, पंचविशीतला पोरगा, घरचा सळयांचा धंदा. छत्रपती संभाजीनगरात अशा गाडीला हात लावणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे साठ किलोमीटर चालवत तो माझ्याकडे येतो. मे महिना, सकाळी साडेदहालाच पत्रा तापलेला. आल्या आल्या म्हणाला, "काका, ओव्हरटेकला दाबली की अडखळायलीय. आणि पिवळा दिवा लागलाय."

स्कॅनर लावला. कोड दोन: पी 0171 आणि पी 0174. म्हणजे दोन्ही बँका, व्ही-8 च्या चार-चार सिलिंडरांच्या दोन्ही बाजू, लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. एकच बाजू लीन असती तर वेगळा शोध घेतला असता. दोन्ही एकदम म्हणजे दुखणं सामाईक जागेत, एक तर इंधनाचं प्रेशर, नाही तर कुठे तरी हवा गळतेय, नाही तर हवा मोजणारा सेन्सर खोटं सांगतोय. फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे कॉम्प्युटर आपणहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते. आयडलला अधिक सात-आठ, आणि रेस धरली तसा चढत अठरा-एकोणीसवर. इथेच निम्मं उत्तर मिळतं. व्हॅक्यूमची गळती, म्हणजे सेन्सर चुकवून आत शिरणारी हवा, असती तर आयडलला ट्रिम जास्त दिसला असता आणि रेसवर उतरला असता, कारण हवा वाढली की गळतीचा वाटा नगण्य होतो. हा उलटा चढत होता. इंधनाचं प्रेशर मोजलं, ठीक होतं. उरला सेन्सर.

आमच्या धंद्यातली कित्येक पोरं इथे थेट नवा सेन्सर मागवतात. स्कॅनर काय सांगतो ते वाचायचं आणि त्या नावाचा पार्ट बदलायचा, याला हल्ली रिपेअरिंग म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो.

मास एअर फ्लो सेन्सरात एक चिमुकली पट्टी असते, ती सतत गरम ठेवलेली असते. समोरून हवा गेली की ती थंड होते, तिला पुन्हा गरम ठेवायला जेवढा करंट लागतो त्यावरून इंजिनात किती हवा शिरली ते गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो. त्या पट्टीवर तेलाचा ओशट थर बसला आणि त्यावर धूळ चिकटली, की जणू तिला गोधडीच पांघरली. ती कमी थंड होते. सेन्सर सांगतो हवा कमी, कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. भिंगातून पाहिलं. पट्टीवर तपकिरी साय धरली होती.

आता नोव्हेंबरचं सांगतो. पोरगा तेव्हा परदेशातून मागवलेला इनटेक, इंजिनाला हवा पोचवणारा संच, घेऊन आला होता. मोठ्या व्यासाचा नळा आणि टोकाला उघडा कोन, म्हणजे डब्याविना शंकूसारखा फिल्टर. तो नळा मी साफ नाकारला. समजा 80 मिलिमीटरचा नळा 90 चा केला, तर क्षेत्रफळ सव्वापटीच्या वर जातं. तेवढीच हवा मोकळ्या नळ्यातून जाते म्हणजे सेन्सरासमोरून सावकाश जाते, आणि सेन्सर कमी मोजतो. कॉम्प्युटरचा नकाशा, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल याचं कोष्टक, नव्यानं लिहिल्याशिवाय असा नळा लावणं म्हणजे इंजिनाला उपाशी पळवणं. नकाशा लिहायला डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र हवं, ते माझ्याकडे नाही. म्हणून सेन्सराच्या जागी मूळ व्यास ठेवणारा दुसरा इनटेक निवडला, तेल लावलेल्या सुती जाळीच्या कोनाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, जे गाडीत मनमानी फेरफाराला मनाई करतं, आणि 2019 नंतर प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा कैद होऊ शकते, हेही त्याला सांगितलं. मूळ डबा तारीख घालून माळ्यावर ठेवला.

उघडा कोन मात्र मला पसंत नव्हता. बोनेटखाली तो रेडिएटरची तापलेली हवाच ओढतो. म्हणून मी त्याच्याभोवती डबा केला. दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, आधी पुठ्ठ्याचा साचा तीनदा कापून बसवून पाहिला, मग चिकलठाण्याच्या एका फॅब्रिकेटरकडे स्वतः उभा राहून घड्या पाडून घेतल्या. कडेला ट्रकच्या दाराचं रबरी बीडिंग, ते बोनेट बंद झालं की घट्ट दाबून बसेल असं. हवा मडगार्डच्या अंगानं, बाहेरची. सिग्नलला उभं राहून वाचन घेतलं तर उघड्या कोनाला आत जाणारी हवा 58 अंश, माझ्या डब्यात 39. त्या एकोणीस अंशांचा मला इतका आनंद झाला होता की रात्री घरी सांगत बसलो.

त्या सगळ्यात धुळीचा विचार किती केला? "दर पाच हजाराला साफ कर," एवढा. बस.

माझे वडील सिल्लोडला ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. तेव्हाच्या ट्रॅक्टरला ऑइल बाथचा एअर क्लीनर असायचा. खाली वाटीत तेल, हवा त्यावर आपटून वळते, धूळ तेलात राहते. पेरणीच्या दिवसांत ती वाटी रोज काढायची, तळाशी बोटभर चिखल साचलेला असायचा. तो खरवडायचं काम माझ्याकडे. वडील म्हणायचे, इंजिन तेलावाचून मरतं त्याहून जास्त नाकानं मरतं. ज्याचं बालपण त्या चिखलात गेलं, त्यानं पाच लिटरच्या इंजिनाचं नाक निवडताना फक्त थर्मामीटर पाहिला.

हिशेब साधा आहे. पाच लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. साडेसहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला सोळा हजार लिटरच्या वर, म्हणजे सेकंदाला 270 लिटरच्या आसपास. तेलाचा 200 लिटरचा पिंप दर सेकंदाला सव्वाहून जास्त. एवढं कोणी रोज दाबत नाही, पण मे महिन्यात आपल्याकडची हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. नांगरून उघडी पडलेली काळी रानं, खोदून ठेवलेले रस्ते, मुरुमाचे डंपर. मोठा कण फिल्टर अडवतोच. घात करतो तो पाच ते वीस मायक्रॉनचा, कारण तो पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्या मधल्या तेलाच्या फिल्ममध्ये शिरतो. तो तिथे अडकून पॉलिश पेपरसारखा घासत राहतो.

फिल्टरच्या बाहेरची धूळ कागदावर झटकली आणि खालून चुंबक फिरवलं. काळे कण चुंबकामागे पळायला लागले. पोरगा बघतच राहिला. त्याचं घर आणि कारखाना, दोन्ही औद्योगिक वसाहतीच्या अंगाला, जिथे रोलिंग मिलांची पपडी, तापल्या लोखंडावरून सुटणारी, हवेत असते. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं, फिल्टरच्या पोटात टॉर्च धरला. जाळीतून उजेडाचे सहा-सात टिपके आरपार दिसले.

"कुठं धुतला हा?"

"घराजवळ, काका. दोनदा. त्यानं धुवून कॉम्प्रेसरची हवा मारली, मग तेल लावलं. बाटली निम्मी संपली."

झालं. हवेच्या दाबानं जाळी फाकली आणि जास्तीचं तेल ओढलं जाऊन सेन्सरवर बसलं. फिल्टर दिसला की हवा मारायची, ही आमच्या भागातली जुनी खोड आहे. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक गाळतो, हे लोकांना पटत नाही. स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच कळतं.

माझा पोऱ्या हळूच म्हणाला, "उस्ताद, सेन्सर साफ करू, नवा कोन टाकू, कोड उडवू. चूक त्या धुणाऱ्याची आहे." खरं सांगतो, मला तसंच वाटून घ्यायचं होतं. अर्ध्या तासात गाडी बाहेर गेली असती आणि माझा डबा शाबूत राहिला असता.

पण मग मला झोप लागली नसती. पोराला म्हटलं, गाडी दोन दिवस ठेव. सेन्सर त्याच्याच क्लीनरनं साफ केला, हात न लावता, नुसत्या फवाऱ्यानं. स्टॉकमधला नवा कोरा कोन काढला, कारखान्यातूनच मापात तेल लावलेला. नळ्याच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या ग्रीसचा बोटभर रुंद पट्टा ओढला. ही जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे, फिल्टर चुकवून जे आत येतं ते ग्रीसवर बसतं. जुन्या रस्त्यानं जालना, तिथे वसाहतीत दोन फेऱ्या, आणि परत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच रस्त्यानं, माळ्यावरचा कंपनीचा डबा आणि नवा कागदी फिल्टर घालून, तोच पट्टा नव्यानं ओढून.

तापमानाचं आधी सांगतो. बाहेर 42. ट्रॅफिकमध्ये माझ्या डब्यात 53 अंश, कंपनीच्या डब्यात 55. ऐंशीच्या वेगाला दोन्हींत फरकच नाही. ज्या एकोणीस अंशांचा मी अभिमान धरला होता, ते उघड्या कोनाच्या तुलनेत होते. कंपनीच्या डब्याशी तुलना मी नोव्हेंबरमध्ये केलीच नव्हती. कंपनीच्या इंजिनिअरांनी आवाज दाबायला आणि पैसे वाचवायलाच डबा केलेला असतो, असं आम्ही सगळे बिनधास्त बोलत असतो. त्यांचा डबाही बंदच आहे आणि हवा पुढून थंडच घेतो.

आणि ग्रीस. कागदी फिल्टरच्या पट्ट्यावर भिंगानं शोधले तेव्हा चार-पाच ठिपके सापडले. नव्या, न धुतलेल्या, कोणी हवा न मारलेल्या कोनाच्या पट्ट्यावर राखाडी झाक होती. पातळ, पण डोळ्यांना दिसणारी. चमच्यानं खरवडून चुंबकाजवळ नेली तर त्यातही काळे कण हलले.

म्हणजे धुणाऱ्यानं बिघाड वाढवला, सुरुवात माझ्या निवडीतच होती. स्वच्छ, ओल्या हवेच्या गावात तो कोन कदाचित कुणाला काही करणार नाही. जालन्यात तो लावायला नको होता.

पोऱ्याला ग्रीसचे दोन्ही पट्टे दाखवले. पोरगा आला त्यालाही दाखवले, काही झाकलं नाही, नोव्हेंबरची मजुरी त्याच्या हातात ठेवली. तो घेईना. मग एकदम वेगळंच म्हणाला, "पण तो आवाज, काका?" मला त्याच्या बोलण्याचा राग आला नाही. दाबल्यावर त्या कोनातून जो हुंकार येतो तो मलाही आवडतो. त्यानं ती गाडी त्या आवाजासाठीच घेतलीय. म्हटलं, आवाज मागच्या अंगानं जो येतो तोही कमी नाही, नाकाशी खेळू नकोस. कंपनीचा डबा, कोरडा कागदी फिल्टर, धुळीच्या महिन्यांत लवकर बदलायचा, धुवायचा नाही, हवा मारायची नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग "बसवा" म्हणाला.

आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घेतलं, एकमेकांच्या जवळ आहे. पण सहा महिन्यांची झीज कॉम्प्रेशनमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून तेल गरम असताना, धार निम्मी वाहून गेल्यावर, स्वच्छ बाटलीत नमुना घेतला आणि पुण्याच्या लॅबला पाठवला. सिलिकॉन किती, लोखंड किती, ते कळेल. सिलिकॉन म्हणजे धूळ आत गेली, आणि सोबत लोखंडही वाढलेलं असलं म्हणजे तिनं घासलं. रिपोर्ट अजून आलेला नाही. पोरगा रोज विचारत नाही, त्याचे वडील मात्र दोनदा फोन करून गेले. त्यांनाही तेच सांगितलं, भाऊ, जे येईल ते जसंच्या तसं वाचून दाखवीन.

काल लातूरहून एकाचा फोन आला. त्यानं जालन्याच्या गाडीत माझा डबा पाहिला होता, तसाच हवाय, पैसे म्हणाल तेवढे. डबा माझ्यासमोर बाकावरच होता, घड्या अजून सरळ, बीडिंग अजून मऊ. मी त्याला विचारलं, तुमची गाडी रोज कुठून कुठे जाते, आणि वाटेत रस्ता कुठे कुठे उखडलाय?