बुशवाले काका आणि धापेवाड्याची वाट

21 जुलै 2024, रविवार, गुरुपौर्णिमा. रात्री दोनला नागपूरच्या काटोल नाक्यावर दिंडी उभी राहिली तेव्हा माझ्या डोक्यात विठोबा नव्हता, ट्रक होता. सकाळी अकराला हिंगण्याच्या शेडमधून ट्रान्सफॉर्मरच्या सहा टाक्या निघायच्या होत्या, त्यातल्या दोनांचा रंग अजून ओला होता आणि ट्रकवाला फोन उचलत नव्हता. "तुम्ही जा, मी बघते," बायको म्हणाली होती. दरवर्षी म्हणते. आमचं अकाउंट तीच सांभाळते आणि वारीच्या दिवशी डिस्पॅचलाही तीच उभी राहते. लोक म्हणतात, एवढा व्याप सांभाळून वारी करता, कमाल आहे तुमची. कमाल कोणाची ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमची वारी पंढरपूरची नाही, धापेवाड्याची. आळंदीहून निघालेल्या पालखीला पंढरपूर गाठायला अठरा-वीस दिवस लागतात, आमच्या विदर्भातल्या पालख्या तर महिन्याच्या वर चालतात. अडतीस माणसांचा पगार दर सात तारखेला करणाऱ्याने एवढे दिवस आणायचे कुठून? बाबांनी 1986 मध्ये एमआयडीसीत शेड घेतली, तेव्हापासून "घडी बसली की पंढरपूर" म्हणत राहिले. घडी बसेस्तोवर गुडघे बसले. मग ते धापेवाड्याला जाऊ लागले. कळमेश्वरच्या पुढचं संत कोलबास्वामींचं गाव, तिथली नदीही चंद्रभागाच. आषाढी आटोपली की पंढरपूरचा विठोबा इथे येतो अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, म्हणून इथली यात्रा भरते ती पौर्णिमेच्या सुमारास. बाबा म्हणायचे, "ज्याले सुट्टी नाही भेटत, त्याच्याकडे तो स्वतः येते." अरणच्या सावता माळ्याचंही तेच. तो मळा सोडून पंढरीला गेला नाही, पण त्याला भेटायला विठ्ठलाची पालखी आजही अरणला जाते. धंदेवाल्या माणसाला ही गोष्ट फार सोयीची आहे, आणि मी ती पुष्कळ वर्षं सोयीनेच वापरली.

त्या वर्षी लेक पहिल्यांदाच सोबत होती. बारावी होऊन नुकतीच बी.कॉम.ला गेलेली. तिची एकच अट होती, फोन तिच्याकडे द्यायचा. दिला. फेटरी येईपर्यंत तीन वेळा मागितला, तिने तिन्ही वेळा टाळ हातात दिला.

आदल्या दिवशीच्या पावसाने रस्ता ओला होता, बाजूच्या वावरातून बेडकांचा नुसता गजर. पुढे हरिपाठ सुरू होता आणि मी मनातल्या मनात ट्रकवाल्याला शिव्या घालत होतो. खोटं कशाला बोलू, वारीत सगळ्यांचंच मन लागतं असं नाही. मागे वळून पाहिलं की मात्र वाटतं, पाय आपले आपण चालत होते आणि तेवढं पुरे होतं.

उजाडताना कोणीतरी मागून आवाज दिला. "राम कृष्ण हरी, भाऊ! तुम्ही बी पायदळ?"

पोटात गोळा आला. बुशवाले काका. नागपूरशेजारच्या वाडीत त्यांची दोन लेथ आहेत, धातू कातायची यंत्रं. आमचे बुश आणि फ्लँज हे गोल भाग तेच टर्निंग करून देतात. एप्रिलपासूनची त्यांची बिलं माझ्याकडे पडून होती. छोट्या उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांच्या वर रखडवायचं नाही असा कायदा आहे, 2006 पासूनचा. त्याला भीत कोणी नव्हतं. मग वेळेत न दिलेला पैसा खर्चात धरायचा नाही अशी तरतूद आयकरात आली, आणि 2024 च्या मार्चमध्ये सीए इतका ओरडला की सगळी जुनी बिलं आम्ही एका आठवड्यात फेडली. एप्रिल उजाडला आणि गाडी पुन्हा मूळ पदावर. गुरुपौर्णिमेला त्यांच्या पहिल्या बिलाने नव्वदी पार केली होती.

माझी तयारी होती. "पुढच्या आठवड्यात बघतो काका" हे वाक्य जिभेवरच होतं. काकांनी पैशाचं नावही काढलं नाही. ते म्हणाले, "भाऊ, डावा पाय झटकून राहिले तुम्ही. जोडा काढा."

बूट नवे, महागाचे. करंगळीशेजारी फोड आला होता. काकांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धोतराची पट्टी काढली, मला मैलाच्या दगडावर बसवलं आणि स्वतः रस्त्यावर उकिडवे बसले. मी नको नको म्हणेपर्यंत पाय त्यांच्या मांडीवर. त्यांच्या बोटांच्या पेरांत तेलाचा काळेपणा कायमचा मुरलाय, मनगटावर लेथवरून उडणाऱ्या धातूच्या गरम चिप्सचे बारीक पांढरे चट्टे आहेत. त्या हातांनी ते एवढ्या हलक्या हाताने पट्टी गुंडाळत होते, जसा मायक्रोमीटरचा स्क्रू फिरवावा. बांधून झाल्यावर रीत म्हणून ते माझ्या पाया पडायला वाकले. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. मीही घाईने वाकलो आणि दोघांची टाळकी आपटली. लेक खळखळून हसली, काकाही हसले. मला हसता येईना.

कळमेश्वरला चहाला थांबलो. लेकीकडून फोन मागितला. माझं तोंड बघून या वेळी तिने दिला.

"ट्रक आला?" नाही, हे विचारायचं नव्हतं. "बुशवाल्यांचे किती आहेत आपल्याकडे?"

"एक लाख शहाऐंशी," बायको म्हणाली. वही न बघता. "मे महिन्यातच म्हटलं होतं तुम्हाला."

"आज टाक."

"टाक्यांचं पेमेंट येऊ द्या की. नाही तर बँकेच्या कर्जातून, सीसीतून टाकावे लागतील, व्याज बसतं."

"बसू दे."

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "ट्रक आलाय. रंगही वाळला." आणि फोन ठेवला.

लेक बिस्कीट बुडवत सगळं ऐकत होती. "बाबा, म्हणजे इतके दिवस बँकेऐवजी काकांचे पैसे वापरत होतो ना आपण? बिनव्याजी?"

बी.कॉम.ला जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता.

कळमेश्वर सोडल्यावर संत्र्याच्या बागा लागतात. झाडांवर आंबिया बहाराची हिरवी फळं लिंबाएवढी झाली होती, काळ्या मातीत कपाशीच्या ओळी नुकत्या दिसू लागल्या होत्या. काका पुढे टाळ वाजवत चालले होते. मला तुकोबा आठवत होते. घरची महाजनकी होती त्यांची. भाऊ कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. तुकोबांनी येणं बुडवलं, आम्ही देणं बुडवतो आणि वर त्यांच्याच नावाने टाळ कुटतो. हा विचार काही फार वेळ टिकला नाही, कारण पट्टी सैल झाली आणि फोड पुन्हा बोलायला लागला.

बाराच्या सुमाराला चंद्रभागेचं पाणी दिसलं. पावसाने गढूळ, पण भरून चाललेलं. पाय धुतले, रांगेत लागलो. रांग दूरवर, पुढे खेळण्यांची आणि फुटाण्यांची दुकानं, पोरांची पिपाणी. काका माझ्या पुढे तिसरे. त्यांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा काढला, फोन हातभर लांब धरून मेसेज वाचला. परत वाचला. मग मागे वळले.

"भाऊ, आज रविवार होय ना? बँक चालू असते?"

"बँक नसते. पण एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, काका."

"अस्सं." त्यांनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसून ठेवला, हात जोडून पुढे सरकले. चार पावलं गेल्यावर काहीतरी आठवल्यासारखे पुन्हा वळले.

"टीडीएस कापूनच टाकले का जी?"

"कापूनच," मी म्हणालो.

"बरं," काका म्हणाले, आणि आम्ही उंबऱ्याशी वाकलो.